सोळाव्या वर्षी सांगायची गोष्ट

अपस्मार असलेल्या मुलीचं लग्न ठरलं की घरच्यांना दोन प्रश्न पडतात. सासरी सांगायचं का, आणि मूल नीट होईल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज वैद्यकाकडे बरंचसं पक्कं आहे. फिटच्या गोळ्या चालू असलेल्या दहापैकी नऊ स्त्रियांना धडधाकट मूल होतं. उरलेल्या एकीच्या बाबतीत मात्र गोळी कोणती होती आणि किती होती यावर फार अवलंबून असतं. ही माहिती मुलीला कोणी आणि कधी द्यायची, यावर डॉक्टरांमध्येच दोन तट आहेत. माझं मत असं की पहिली चिठ्ठी लिहिली जाते त्याच दिवशी, मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असतानाच, तिला ती दिली पाहिजे. याच्या विरोधातलं मत हलकं नाही, ते रुग्णाच्या जिवाच्या काळजीतून आलेलं आहे. म्हणून आपल्या जुन्या शास्त्रचर्चेच्या रीतीने पूर्वपक्षाला पुरतं बोलू देतो. तो इथे एका अनुभवी डॉक्टरांच्या तोंडी घातला आहे. हे डॉक्टर कोणी एक व्यक्ती नव्हेत, पण त्यांचं म्हणणं अनेक दवाखान्यांतून ऐकू येतं.

डॉक्टर : मला गोळीपेक्षा गोळी सुटण्याची भीती जास्त वाटते. पाळी चुकली की आई, सासू, शेजारीण सगळ्यांचं एकच सुरू होतं, आता औषधं बंद कर, बाळाला गरम पडतील. तिलाही मनातून तसंच वाटत असतं. त्यात तुम्ही तिला सांगणार की या गोळीने बाळाच्या पाठीचा कणा उघडा राहू शकतो, बुद्धीवर परिणाम होतो. ती घरी जाऊन पाकीट कचऱ्यात टाकेल आणि मला कळणारही नाही. मग आंघोळ करताना, विहिरीवर पाणी शेंदताना किंवा पेटत्या गॅससमोर मोठी फिट येईल. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची नियमित चौकशी होते. २०१३ ते २०१५ या तीन वर्षांच्या तुलनेत २०१६ ते २०१८ मध्ये अपस्मारामुळे अचानक दगावलेल्या गरोदर आणि बाळंतिणींचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. फिट आटोक्यात नव्हत्या आणि औषधोपचार अपुरे पडले होते, हे त्या चौकशीत पुन्हा पुन्हा दिसतं. तिथे ही गत, तर आमच्या तालुक्यात काय होईल? अर्धवट माहितीने माणसं मरतात, लेखकांनी हे ध्यानात ठेवावं.

लेखक : तुमचं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे, आणि ते कोणाच्याही नजरेतून सुटू नये. गरोदर बाईने फिटची गोळी आपल्या मनाने बंद करणं हा आईचा आणि बाळाचा, दोघांच्याही जिवाशी खेळ आहे. मोठ्या झटक्यात आईचा श्वास अडखळतो, बाळाला प्राणवायू कमी पडतो, ती पोटावर पडू शकते. उपचार नीट चालू असतील तर मात्र गरोदरपणामुळे आजार बळावतोच असं नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात गरोदर स्त्रियांपैकी २३ टक्क्यांच्या फिट वाढल्या, तर गरोदर नसलेल्या रुग्ण स्त्रियांमध्ये हेच प्रमाण २५ टक्के होतं. हे आपोआप झालं नाही. गरोदर गटातल्या ७४ टक्के स्त्रियांचा डोस नऊ महिन्यांत एकदा तरी बदलावा लागला होता. तेव्हा ‘गोळ्या घ्यायच्या की नाही’ हा आपला वाद नाहीच. वाद पुढचा आहे. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, आणि ती निवडताना जिच्या पोटात ती जाणार तिला काय माहीत होतं?

या प्रश्नाचं उत्तर देणारे आकडे आता चांगल्या मोठ्या नोंदींतून आले आहेत. ‘युरॅप’ ही अनेक देशांची मिळून चालणारी नोंदवही आहे. गरोदरपणात एकच अपस्मारविरोधी औषध चालू असलेल्या ७,३५५ गर्भधारणांचा तिचा हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लेव्हेटिरॅसिटाम घेणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये मोठं जन्मजात व्यंग २.८ टक्के, लॅमोट्रिजिनमध्ये २.९ टक्के. कोणतंही औषध न घेणाऱ्या आईच्या पोटीही शंभरात दोन-तीन मुलांना असं व्यंग असतंच, म्हणजे ही दोन औषधं जवळपास त्याच पातळीवर आहेत. कार्बामाझेपिन ५.५, फेनिटॉइन म्हणजे आपल्याकडे ‘एप्टॉइन’ नावाने घराघरांत माहीत असलेली गोळी ६.४, फिनोबार्बिटोन म्हणजे ‘गार्डिनल’ ६.५, आणि व्हॅल्प्रोएट १०.३ टक्के. व्हॅल्प्रोएटमध्ये डोसप्रमाणे धोका चढत जातो. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत ६.३ टक्के, आणि १,४५० च्या वर गेला की २५ टक्के, म्हणजे चारातलं एक मूल. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, मूत्रमार्गातले दोष, उघडा राहिलेला कणा, असं त्यांचं स्वरूप असतं.

डॉक्टर : आकडे मलाही पाठ आहेत. पण १० टक्के म्हणजे ९० मुलं ठणठणीत, हे तुम्ही ठळक अक्षरांत का लिहीत नाही? दुसरं असं की, ज्या बाईला जास्त डोस लागतो तिचा आजारच जबर असतो. दोष आजाराचा असेल, आनुवंशिकतेचा असेल, फिट येण्याचा असेल. सगळं गोळीच्या माथी मारणं शास्त्राला धरून नाही. आणि हे सगळे अभ्यास गोऱ्या लोकांवरचे.

लेखक : आजार आणि औषध यांची गल्लत होते का, ही शंका रास्तच होती, आणि संशोधकांनी बरीच वर्षं तिच्यावरच घालवली. १९६८ साली रॉय मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने फिटच्या गोळ्या घेणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये दुभंगलेले ओठ जास्त दिसतात, असं ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून कळवलं, तेव्हाही हाच आक्षेप आला. त्याचं उत्तर असं. दोष आजाराचा असता तर एकाच आजाराच्या मातांमध्ये औषध बदलल्यावर धोका बदलायला नको होता. तो बदलतो, तिप्पट-चौपट बदलतो. एकाच औषधाचा डोस वाढला की धोकाही पायरीपायरीने वाढतो. शिवाय हे घडतं कसं, याचाही बराच माग लागला आहे. पेशीतल्या कोणत्या जनुकाने कधी जागं व्हायचं आणि कधी गप्प राहायचं, हे ठरवणाऱ्या यंत्रणेतल्या ‘हिस्टोन डीॲसिटिलेज’ या विकरांना व्हॅल्प्रोएट रोखतं, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. गर्भात अवयव घडत असताना या वेळापत्रकात ढवळाढवळ झाली तर काय होईल, याची कल्पना डॉक्टरला मी द्यायला नको.

‘९० ठणठणीत’ हे मी लिहिलं आहे, आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. पण व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत ते पुरतं खरं नाही, कारण ९० हा आकडा सोनोग्राफीत किंवा जन्मल्यावर दिसणाऱ्या व्यंगांचा आहे. मेंदूवरचा परिणाम पाळण्यात दिसत नाही. मूल गुटगुटीत असतं, वजन चांगलं असतं. दीड-दोन वर्षांचं झालं तरी शब्द येत नाहीत, मग आजी म्हणते याचे बाबाही उशिराच बोलले. बालवाडीत गोष्ट ऐकताना लक्ष टिकत नाही, पहिलीत जोडाक्षरं जमत नाहीत, आणि तोवर आईच्या गोळीचा संबंध लावायला कोणी उरलेलं नसतं. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ‘नीड’ या अभ्यासात किमफोर्ड मीडर आणि सहकाऱ्यांनी अशी मुलं गर्भापासून सहा वर्षांची होईपर्यंत पाहिली. आईचा बुद्ध्यांक, औषधाचा डोस, आजाराचा प्रकार हे सगळं हिशेबात धरूनही व्हॅल्प्रोएटच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७ आला. कार्बामाझेपिनच्या मुलांचा १०५, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइनच्या मुलांचा १०८. डेन्मार्कने देशभरच्या मुलांची नोंद तपासून २०१३ मध्ये सांगितलं की गर्भात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांत स्वमग्नतेच्या वर्णपटातल्या विकारांचं प्रमाण ४.४ टक्के आहे, इतरांत दीड टक्का. आणि गोऱ्यांचं म्हणाल, तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार आणि गरोदरपणाची नोंदवही चालते. तिथल्या मल्याळी बाळांमध्येही व्हॅल्प्रोएट गटाचा विकास कार्बामाझेपिन गटाच्या मागे पडलेला दिसला. तिथली मुलं आपलीच आहेत.

डॉक्टर : बरं, मानलं. मग साधा उपाय आहे. बाई म्हणाली की आता मूल हवंय, की मी औषध बदलतो. सोळा वर्षांच्या पोरीला आत्तापासून बाळाच्या व्यंगांची भीती कशाला घालायची? आणि तुम्ही एक विसरता. याच वयात जो अपस्मार सुरू होतो, सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके बसतात, कप हातातून उडतो, जागरण झालं की मोठी फिट येते, त्याच्यावर व्हॅल्प्रोएटइतकं चालणारं दुसरं औषध नाही. २०२१ चा ब्रिटनचा सॅनॅड-२ अभ्यास वाचा. अशा प्रकारच्या अपस्मारात लेव्हेटिरॅसिटाम व्हॅल्प्रोएटच्या बरोबरीला येऊ शकलं नाही. बारावीच्या वर्षात मुलीला फिट येत राहू द्यायच्या का, दहा वर्षांनी होणाऱ्या बाळासाठी?

लेखक : तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा आहे. त्याचे दोन तुकडे करून बघू.

आधी ‘मूल हवंय म्हणाली की बदलतो’ हा भाग. पाळी नियमित असलेल्या एका बाईचे दिवस मोजू. पाळीच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास गर्भ राहतो. पुढची पाळी चुकते तेव्हा गर्भ चौदा दिवसांचा असतो. ती आणखी आठवडाभर वाट बघते, कारण मागेही एकदा असं झालं होतं. मग मेडिकलमधून किट आणते, दोन रेघा दिसतात. गर्भ आता तीन आठवड्यांचा आहे. नेमक्या या दिवसांत त्याच्या पाठीवरच्या पेशींच्या सपाट पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात, मधोमध जुळतात आणि नळी तयार होते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. या नळीचं वरचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या आसपास मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या. खालचं मिटलं नाही तर कणा उघडा राहतो, ज्याला आपण स्पायना बायफिडा म्हणतो. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर याची शक्यता शंभरात एक ते दोन. दोन रेघा दिसल्यापासून आठवडाभराचीच ही गोष्ट आहे. बाई आईला सांगते, नवऱ्याला सांगते, दवाखान्यात नाव घालते, आणि तुमच्यापर्यंत येते तेव्हा नळीचं काम आटोपलेलं असतं. मूल हवंय असं ठरवून, आधी डॉक्टरला सांगून, मग दिवस जाणं हे किती घरांत घडतं? अमेरिकेतल्या एका नोंदीत अपस्मार असलेल्या स्त्रियांच्या ६५ टक्के गर्भधारणा न ठरवता झालेल्या होत्या. आपल्याकडे तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी गोड बातमीची वाट पाहिली जाते आणि फिटचा आजार सासरी लपवलेला असतो.

बरं, दिवस गेल्यावर घाईने बदललं तर? युरॅपच्या नोंदींतून तेही तपासलं गेलं. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांचं व्हॅल्प्रोएट बंद केलं त्यांच्यापैकी ३३ टक्क्यांना मोठ्या फिट आल्या, ज्यांना दुसऱ्या औषधावर नेलं त्यांच्यापैकी २९ टक्क्यांना, आणि ज्यांचं तसंच चालू ठेवलं त्यांच्यापैकी १६ टक्क्यांना. तुम्ही सुरुवातीला ज्या मृत्यूंची भीती घातलीत, त्यांच्याकडे जाणारी वाट ही आहे. उशिरा कळलेली माहिती आईला धोक्यात लोटते, वेळेवर कळलेली नाही. लॅमोट्रिजिन तर अंगावर पुरळ येऊ नये म्हणून आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं वाढवावं लागतं. ते बसवायला महिने जातात. हे महिने लग्नाच्या आधीच मिळू शकतात.

आता सॅनॅड-२. त्याचा निष्कर्ष मी नाकारत नाही. काही मुलींना व्हॅल्प्रोएटशिवाय गत्यंतर नसतं, आणि त्यांना ते मिळालं पाहिजे. पण सगळ्या देशांनी मिळून औषधं बदलली तेव्हा काय झालं, तेही पाहा. २००० ते २०१३ या काळात युरॅपमधल्या देशांत व्हॅल्प्रोएटचा वापर घटला, लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटामचा वाढला. मोठ्या व्यंगांचं प्रमाण २७ टक्क्यांनी खाली आलं. गरोदरपणातल्या मोठ्या फिटचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे पुष्कळ जणींना त्याची गरज नव्हती. गरज कोणाला आहे हे कळायचं तर दुसरं औषध आधी करून बघावं लागतं, आणि सोळा ते वीस हा त्यासाठीचा निवांत काळ आहे. दुसऱ्याने भागलं नाही तर व्हॅल्प्रोएट द्या, कमीत कमी डोसमध्ये द्या, पण तिला सांगून द्या. अर्धशिशी किंवा मनाच्या दोलायमान अवस्थेसाठी जे तरुण मुलींना व्हॅल्प्रोएट लिहिलं जातं, त्याची बाजू मात्र मला घेता येत नाही. तिथे दुसरी औषधं आहेत. युरोपच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये या आजारांसाठी गरोदरपणात ते निषिद्ध ठरवलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते देऊ नये असं म्हटलं. अर्धशिशीसाठी ते घेणाऱ्या अनेकींच्या तर गावीही नसतं की ही फिटची गोळी आहे.

डॉक्टर : ओपीडीत माझ्यासमोर रांग असते. मुलगी आईबापांमध्ये मान खाली घालून बसलेली. तिच्याशी मी गर्भधारणा आणि संततिनियमन बोलू? बाप उठून जाईल. युरोपातली ती फॉर्म भरून घेण्याची, गर्भनिरोधकाची सक्ती करण्याची पद्धत इथे चालणार नाही. सरकारी दवाखान्यात जी गोळी आली असेल ती द्यावी लागते.

लेखक : सक्ती मलाही नको. पण ‘रुग्णाला सांगून उपयोग नाही, घाबरेल’ हा विचार एका देशात खरोखर अमलात आणला गेला होता. त्याची किंमत सांगायलाच हवी. व्हॅल्प्रोएटला ब्रिटनमध्ये परवानगी देण्याचा विचार १९७३ मध्ये चालू होता, तेव्हा प्राण्यांवरच्या प्रयोगांतून गर्भाला धोका असल्याची जाणीव औषध समितीला होती. सूचना डॉक्टरांना द्यावी, पण रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर नको, उगाच चिंता वाढेल, असं ठरलं. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरातून उघड्या कण्याच्या बाळांचा स्पष्ट इशारा आला. तरी घरोघर गोळी जातच राहिली. जॅनेट विल्यम्स आणि एमा मर्फी या दोन ब्रिटिश आयांनी स्वतःची मुलं सांभाळत वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातून बॅरोनेस कंबरलेज यांची समिती नेमली गेली आणि २०२० मध्ये तिने सांगितलं की या स्त्रियांचं ऐकलं गेलं नाही. फ्रान्समध्ये मरीन मार्टिन या आईने संघटना उभारली. तिथल्या सरकारी यंत्रणांनी हिशेब केला, तर १९६७ ते २०१६ या काळात २,१५० ते ४,१०० मुलं मोठं व्यंग घेऊन जन्मलेली आणि १६,६०० ते ३०,४०० मुलं बौद्धिक किंवा वर्तनविकासाच्या अडचणी असलेली निघाली. बायकांना घाबरवायचं नाही म्हणून गप्प राहण्याचा निर्णय त्या बायकांना न विचारता झाला होता. मला त्याचा राग येतो, आणि तो इथे लपवावासा वाटत नाही.

वेळेचं म्हणाल तर चार वाक्यं पुरतात. ‘ही गोळी तुझ्या फिटसाठी चांगली आहे. आपल्या मनाने कधीही बंद करायची नाही. पण पोटात बाळ असताना ही गोळी त्याला अपाय करू शकते. म्हणून लग्न ठरलं की, किंवा त्याच्या आधीही, मला येऊन भेट, आपण वेळेवर बदल करू.’ यात बापाने उठून जावं असं काही नाही. उलट आईबाप समोर असतील तर बरंच, कारण लग्नाची तारीख तेच काढणार आहेत. गर्भनिरोधकाचं बोलणं लग्नानंतर करता येतं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन यांच्यामुळे संततिनियमनाच्या गोळ्या निकामी ठरू शकतात, तांबीला ही अडचण येत नाही, एवढं तेव्हा सांगावं. पुरवठ्याची अडचण खरी आहे. पण लेव्हेटिरॅसिटाम आज राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचत नसेल, तर तुम्ही आणि मी मिळून त्यासाठी भांडलं पाहिजे. मुलीला अंधारात ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही.

लपवण्याचं एक कारण कायद्याने कधीच काढून टाकलं आहे, तेही सांगावं. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही लग्नाच्या आड येणारी अट होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती गेली. पंचवीस वर्षं उलटली तरी अनेक घरांना हे ठाऊक नाही, म्हणून नवी सून बाथरूमचं दार लावून गोळी गिळते, नाहीतर गिळतच नाही.

डॉक्टर : आणि जी आजच दोन महिन्यांची गरोदर आहे, व्हॅल्प्रोएट चालू आहे, आणि तुमचा हा लेख वाचते आहे? तिला काय सांगाल?

लेखक : तिला सगळ्यात आधी सांगेन की आजची गोळी वेळेवर घ्या. मग याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. डोस कमी करता येतो का, दिवसात विभागून देता येतो का, बदलणं शहाणपणाचं आहे का, हे ते ठरवतील. फॉलिक ॲसिड किती घ्यायचं ते त्यांनाच विचारा. खरं तर ते दिवस जाण्याआधीपासून चालू असावं लागतं. नीड अभ्यासात ते आधीपासून घेणाऱ्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यांक १०८ आणि न घेणाऱ्यांच्या मुलांचा १०१ होता, पण व्हॅल्प्रोएटचा अपाय ते पुसून टाकतं असं समजू नका. अठरा ते वीस आठवड्यांची व्यंग शोधणारी सोनोग्राफी चुकवू नका. गंभीर व्यंग दिसलंच तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपाताचा मार्ग कायद्याने खुला आहे, आणि तो घ्यायचा की नाही हा निर्णय तुमचा आहे. लॅमोट्रिजिन चालू असलेल्यांनी रक्तातली पातळी तपासून घ्यावी, कारण गरोदरपणात ती निम्म्यावर येऊ शकते. बाळंतपणानंतर वाढवलेला डोस पुन्हा उतरवावा लागतो. आणि बाळाला अंगावर पाजा. गोळ्या चालू असताना पाजलेल्या मुलांची सहाव्या वर्षीची बुद्धी न पाजलेल्यांपेक्षा कमी नव्हती, थोडी सरसच निघाली.

राहिले ते वाचक, ज्यांच्या घरात, नात्यात किंवा शेजारी फिटच्या गोळ्या घेणारी एखादी मुलगी आहे. तिची औषधाची पट्टी हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. सोडियम व्हॅल्प्रोएट, डायव्हॅलप्रोएक्स किंवा व्हॅल्प्रोइक ॲसिड यांपैकी काही लिहिलेलं असेल, तर आजची गोळी तिला नेहमीच्या वेळेला द्या, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारा की हिच्यासाठी दुसरं औषध करून बघता येईल का. हा प्रश्न विचारायला लग्नाच्या तारखेची वाट पाहू नका.